नागरिक विज्ञानाची सुरुवात कुठून करावी? उपयोगी नोंद कशी असते आणि ती कुठे बिघडते

प्रश्न थोडक्यात असा: शहरात राहतो, आठवड्याला फार तर दोन-अडीच तास मिळतात. पक्षी-झाडांचं शिक्षण नाही. पर्यावरणासाठी रोप लावून फोटो काढण्यापलीकडे काही करायचं तर नागरिक विज्ञानाच्या, म्हणजे सामान्य लोकांच्या नोंदींवर चालणाऱ्या संशोधनाच्या, कोणत्या उपक्रमात जावं, आणि नवख्या माणसाच्या नोंदींचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो. मात्र नव्या माणसाला ज्या नोंदीचं अप्रूप असतं, तिचा उपयोग बहुधा कमी असतो. दुर्मीळ पक्षी दिसला, फोटो मिळाला, टाकला, यातून तो पक्षी त्या दिवशी तिथे होता एवढंच कळतं. तो वाढतोय की घटतोय, हे कळायला अमुक जागी अमुक मिनिटं पाहिलं आणि एवढंच दिसलं, अशा हजारो साध्या नोंदी लागतात. ज्या फेरीत तो दिसलाच नाही, ती फेरीही त्या हिशेबात धरावी लागते.

भारतातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ सालचा अहवाल. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला, पण दीर्घकालीन कल काढण्याइतकी माहिती फक्त ३३८ जातींची होती. त्यांतल्या साधारण ६० टक्के जाती घटलेल्या निघाल्या. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख त्यांतलाच, आणि कोकीळ मात्र चांगलाच वाढलेला. चिमणीचं म्हणाल तर आधीच्या, २०२० च्या अहवालात ती मोठ्या शहरांत कमी झालेली पण देशभराचा हिशेब पाहता जवळपास स्थिर दिसली. ‘चिमण्या संपल्या’ हे आपण इतक्या वर्षांपासून ऐकतोय की हा निष्कर्ष अनेकांना पटलाच नाही. पण तो काढता आला तो लोकांनी कावळा-चिमणी-साळुंकीसुद्धा कंटाळा न करता लिहिली म्हणून. उरलेल्या सहाशे जातींच्या दीर्घकालीन कलाबद्दल मत देता येत नाही, कारण त्यांच्या भागांतून पुरेशा याद्याच आलेल्या नाहीत.

म्हणून तुमच्या वेळेत बसणारा माझा सल्ला असा: एक जागा पक्ष्यांसाठी, एक झाड ऋतूंसाठी, आणि उरलेल्या वेळात फोटोच्या नोंदी. या क्रमानेच. एकदम पाच ॲप उतरवून घेणारे लोक दुसऱ्या महिन्यात गळतात.

पक्ष्यांची पंधरा मिनिटं

ई-बर्ड हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑडुबॉन संस्थेच्या साथीने २००२ मध्ये सुरू केलं. भारतातलं काम बर्ड काउंट इंडिया हा अनेक संस्थांचा गट पाहतो. ॲप फुकट आहे आणि सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत घेता येतात.

जागा घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत निवडा. सोसायटीची गच्ची, टेकडीचा पायथा, तळ्याचा कोपरा, काहीही चालेल. ‘चांगली’ जागा शोधू नका. चांगल्या जागी शंभर लोक आधीच जातात, तुमच्या गल्लीची नोंद कोणीच करत नाही. उजाडल्यापासून दोन-तीन तासांतली वेळ उत्तम. पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळाची यादी टाळा, आणि एका यादीचा वेळ तासाच्या पुढे गेला तर ती बंद करून दुसरी सुरू करा. एका जागी उभं राहून केलेली नोंद ‘स्थिर’ प्रकारात जाते, त्यासाठी साधारण ३० मीटरच्या आतच राहायचं. त्यापुढे चाललात तर ‘प्रवासी’ प्रकार निवडून अंतर भरायचं. एक-दीड किलोमीटरच्या आतलं अंतर सर्वांत कामाचं. पाच किलोमीटरच्या यादीत टेकडी, शेत आणि बाजारपेठ एकत्र होतात, मग कुठला पक्षी कुठे होता ते सांगता येत नाही. त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकाच बाजूचं धरायचं आणि जाताना मोजलेले पक्षी येताना पुन्हा मोजायचे नाहीत. यादी सादर करण्याआधी ॲपने मोजलेला आकडा बघून घ्या.

सादर करताना ॲप विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवलेत का. नव्या लोकांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. ‘मला कुठे सगळे ओळखता येतात?’ असं म्हणून प्रामाणिक माणूस ‘नाही’ निवडतो आणि त्याची यादी बहुतेक विश्लेषणांतून बाहेर जाते. प्रश्न सगळ्या पक्ष्यांचा नाही, *तुम्हाला ओळखता आलेल्या* पक्ष्यांचा आहे. तुम्हाला आठच पक्षी ओळखता येतात आणि त्यांपैकी जे दिसले-ऐकले ते सगळे लिहिलेत, तर उत्तर ‘हो’. कावळे-पारवे मुद्दाम गाळलेत किंवा फक्त ‘विशेष’ पक्षी लिहिलेत, तरच ‘नाही’. ‘हो’ म्हटलेल्या यादीला पूर्ण यादी म्हणतात, आणि तिच्यामुळेच ‘इथे चिमणी दिसली नाही’ हे संगणकाला आपोआप कळतं.

आकडे टाका. आकड्याऐवजी नुसती फुली मारायची सोय आहे, पण पाच होते की पाचशे हे फुलीवरून कळत नाही. संध्याकाळी वसतीला जाणाऱ्या पोपटांचा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढा पट्टा डोळ्यांत बसवा आणि असे किती पट्टे गेले ते मोजा. अंदाजाने लिहिलेले १४० हे फुलीपेक्षा किती तरी बरे. चुकायची दिशाही लक्षात ठेवा: मोठ्या थव्यात माणूस जवळजवळ नेहमीच कमी मोजतो.

ठिकाणाची खूण जिथे उभे होतात तिथेच ठेवा. चाललात तर वाटेच्या मध्यावर. नुसतं ‘पुणे’ किंवा ‘नाशिक’ म्हणून शहराच्या मधोमध टाकलेली खूण त्या यादीला निकामी करते, कारण उपग्रहाच्या नकाशावर त्या जागी तलाव आहे की इमारत यावरच पुढचं गणित असतं. चार जण एकत्र असाल तर एकाने यादी करायची आणि बाकीच्यांना ॲपमधूनच वाटायची. चौघांनी वेगवेगळ्या टाकल्या तर एकच कोतवाल चार होतात.

ओळख कशी शिकायची

शहराच्या कडेला राहणाऱ्याला सुरुवातीला वीस-पंचवीस नावं पुरतात: घरकावळा, डोमकावळा, पारवा, ठिपकेवाला होला, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, जांभळा सूर्यपक्षी, तांबट, भारद्वाज, कोकीळ, वेडा राघू, खंड्या, वंचक, गायबगळा, टिटवी, घार, कोतवाल, सातभाई, पोपट. पहिल्या दोन आठवड्यांत दहा पक्के करा. पुढचे आवाजावरून येतात. तांबटाची ठोक्यांसारखी एकसुरी ‘टुक टुक’ आणि शिंप्याचा देहाच्या मानाने अवाच्या सवा मोठा आवाज हे दोन एकदा कळले की पानांआड दडलेले पक्षीही यादीत येतात.

चुका ठरलेल्या आहेत. घरकावळ्याची मान राखाडी, डोमकावळा सगळा काळा आणि चोच जाड. मोठ्या सातभाईच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या, रानसातभाईच्या नाहीत. उडताना बघा, बसल्यावर फसाल. विणीचा काळ संपला की गायबगळ्याचा केशरी रंग जातो आणि तो लहान बगळ्याशी गोंधळतो. तेव्हा चोच पाहा: गायबगळ्याची पिवळी, लहान बगळ्याची काळी. हिवाळ्यात येणारे वटवटे तज्ज्ञांनाही छळतात. अशा वेळी जात ठरवायचा हट्ट न करता ‘वटवट्या, जात अनिश्चित’ असा मोघम पर्याय यादीत असतो तो निवडा. त्यात कमीपणा नाही. चुकीचं ठाम नाव मोघम नावापेक्षा जास्त नुकसान करतं.

मर्लिन हे आवाज ओळखणारं ॲप शिकायला छान आहे, पण त्याने दाखवलं म्हणून थेट यादीत टाकू नका. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि मर्लिन शिक्रा दाखवून मोकळं होतं. रिक्षाचा भोंगा, मुलांच्या शिट्ट्या यांचंही काहीबाही नाव निघतं. नियम साधा ठेवा: ॲपने सुचवलं, मग स्वतः पाहिलं किंवा तो आवाज आधीपासून ओळखीचा आहे, तरच नोंद.

दुर्बीण लगेच घ्यायची गरज नाही. घ्याल तेव्हा ८×४० किंवा ८×४२ घ्या. दहा पटीची हातात थरथरते आणि नवख्याला पक्षी पटकन सापडत नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या ‘३० पट झूम’वाल्यांवर पैसे घालवू नका. पावसाळ्यात वहीत शिसपेन्सिल वापरा, जेलची शाई एका सरीत फुटते.

कधी तरी ई-बर्डकडून मेल येईल: तुमच्या अमुक नोंदीबद्दल अधिक माहिती द्या. तो आरोप नव्हे. प्रत्येक जिल्ह्यासाठी महिन्यागणिक अपेक्षित जाती आणि संख्या ठरलेल्या असतात. त्याबाहेरची नोंद आपोआप अडते आणि स्वयंसेवक परीक्षक ती पाहतो. काय पाहिलं ते लिहा, म्हणजे आकार, चोच, पायांचा रंग, काय करत होता, किती अंतरावर होता. ‘पुस्तकातल्या चित्रासारखाच होता’ हे वर्णन नव्हे. खात्री नसेल तर नाव बदला आणि पुढे चला.

एक झाड, आठवड्यातून एकदा

पक्ष्यांपेक्षाही सोपं आणि मुलांसकट घरातल्या सगळ्यांना जमणारं काम म्हणजे झाडाची ऋतुनोंद. सीझनवॉच हा त्यासाठीचा देशव्यापी उपक्रम. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, बहावा, कडुलिंब, पळस अशी सर्वत्र आढळणारी झाडं त्याच्या यादीत आहेत. झाड निवडताना रोजच्या वाटेवरचं, पूर्ण वाढलेलं आणि ज्याचा शेंडा खालून किंवा खिडकीतून दिसतो असं निवडा. छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर, खोडाचा घेर मोजून ठेवा.

मग ठरलेल्या वारी पाच मिनिटं उभं राहून कोवळी पानं, जून पानं, वाळलेली पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं आणि पिकलेली फळं बघायची. प्रत्येकासमोर तीनच पर्याय: नाही, थोडं, भरपूर. झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भागावर असेल तर थोडं, जास्त असेल तर भरपूर. एवढंच.

काम सोपं, म्हणूनच ते सुटतं. ‘या आठवड्यात काहीच नाही’ म्हणून लोक नोंद करत नाहीत आणि बहाव्याला झुंबरं लागली की उत्साहाने करतात. पण फुलोरा कधी सुरू झाला हे ठरवायला आधीचे ‘नाही’चे आठवडे लागतात. ते नसतील तर फुलं त्या आठवड्यात आली की तीन आठवडे आधीच आली होती हे कोण सांगणार? दुसरी चूक पालवीची. आंब्याची आणि पिंपळाची कोवळी पानं तांबूस असतात. दुरून ती वाळलेली वाटतात, आणि नवी पालवी ‘वाळकी पानं’ म्हणून लिहिली जाते. हाताला मऊ, लोंबती, चकचकीत असतील तर ती कोवळी. तिसरी गल्लत बहावा आणि सोनमोहराची. दोन्ही पिवळे, पण बहाव्याचे घोस खाली लोंबतात, सोनमोहराचे तुरे वर उभे असतात. फुलं नसताना शेंगा बघा: बहाव्याच्या हातभर लांब, गोल नळ्या, सोनमोहराच्या चपट्या आणि तांबूस.

महापालिकेने किंवा वीज कंपनीने फांद्या छाटल्या तर ती तारीख टिपणात लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी मोहोर का आला नाही याचं भलतंच कारण काढलं जाईल. आंबा तसाही एका वर्षाआड कमी-जास्त धरतो, म्हणून एका हंगामावरून हवामानबदलाचा निष्कर्ष काढू नये. पाच-सात वर्षांची एकसलग नोंद असेल तर त्यावर बोलता येतं.

फोटोच्या नोंदी: आय-नॅचरलिस्ट

फुलपाखरं, कोळी, बेडूक, गवतं, बुरशी यांच्यासाठी आय-नॅचरलिस्ट हे ॲप. फोटो, तारीख, ठिकाण दिलं की ओळख इतर लोक करतात. दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की नोंद संशोधनयोग्य दर्जाची होते. परवाना खुला ठेवला असेल तर ती जीबिफ या जागतिक माहितीसाठ्यात जाते. खातं उघडतानाच परवान्याची सेटिंग तपासा. ‘सर्व हक्क राखीव’ ठेवलंत तर नोंद तिथेच अडकते.

ओळख न होण्याचं कारण बहुधा फोटोची प्रत नसते, कोन असतो. झाडाचा नुसता फुलाचा समोरून फोटो पुरत नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोडाची साल आणि फुलाची मागची बाजू हवी. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडे, दोन्ही. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत कोणीही ओळखेल, पण छोट्या निळ्या फुलपाखरांची जात पंखांच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरूनच ठरते. चतुराचा वरून एक आणि कडेने एक. एकाच जिवाचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका. दोन वेगळे कीटक एका नोंदीत घातलेत तर ओळख करणारा पुढे निघून जातो.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो टाकू नका. त्यातून वेळ आणि ठिकाण पुसलेलं असतं, आणि ॲप बिनदिक्कत आजची तारीख किंवा तुमच्या घराचा पत्ता लावतं. मामांनी सिंधुदुर्गातून पाठवलेला बेडूक असा ठाण्यात जन्माला येतो. मूळ फोटो ज्याचा, नोंद त्याने करावी. कॅमेरा वापरत असाल तर त्याचं घड्याळ तपासा. कुंडीतलं, बागेत लावलेलं झाड किंवा पाळीव प्राणी असेल तर ‘लावलेले/पाळीव’ ही खूण करा. शहरी नोंदींत गुलमोहर, बोगनवेल, मनी प्लांट यांचा ढीग ‘रानटी’ म्हणून जातो आणि ओळख करणाऱ्यांचा बराच वेळ तो उपसण्यात जातो.

ॲपने सुचवलेल्या पहिल्या नावावर डोळे मिटून बोट ठेवू नका. युरोप-अमेरिकेतले फोटो जास्त असल्याने इथल्या कीटकाला तिथलं नाव सुचवलं जाण्याची शक्यता राहते. खात्री नसेल तर ‘कोळी’ किंवा ‘गवतकुळ’ इतकंच लिहा.

किनाऱ्यावर राहत असाल तर

मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यांवर लोकांना घेऊन फिरतो. हाजी अली, कार्टर रोड, जुहू अशा ठिकाणच्या नोंदी त्यातून उभ्या राहिल्या. याच किनाऱ्यांवर प्रवाळ आहेत हे अनेक मुंबईकरांना माहीतच नव्हतं. सागरी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली-वरळी भागातल्या प्रवाळांचं स्थलांतर करावं लागलं, तेव्हा त्याची चर्चा झाली.

वेळ साधणं हेच यातलं कौशल्य. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी बाराच्या आधी-नंतर आणि ओहोटी साधारण सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं हटत नाही, खेप फुकट जाते. हिशेब अंदाजाचा आहे, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्या. किमान पाण्याच्या तास-सव्वा तास आधी पोहोचा, पाण्याच्या मागे मागे जा, आणि किमान वेळ झाली की परत फिरा. पाणी परत येताना आधी मागच्या सखल भागात भरतं आणि तुम्ही खडकावर अडकता. जून ते ऑगस्ट नवख्यांनी जाऊच नये.

पायात पकड असलेले बंद बूट. शंकूच्या आकाराचा शंख कितीही सुंदर असला तरी हातात घेऊ नका. कोन शंखाचा डंख माणसाला मारू शकतो. मऊ गुच्छांसारख्या प्रवाळसदृश जिवांतही विषारी आहेत. दगड उलटलात तर तो होता तसाच ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात मरतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तुटलेला तुकडाही घरी आणायचा नाही. फोटोत मापासाठी नाणं किंवा पट्टी ठेवा.

पाऊस आणि हवा

गावाकडे घर असेल तर पर्जन्यमापक हे सर्वांत स्वस्त आणि स्थानिक पातळीवर लगेच कामाला येणारं साधन. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. घरगुती मापकासाठी १५ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं आणि खाली बाटली घ्या. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १७.७ मिलिलिटर पाणी = १ मिलिमीटर पाऊस. पाणी औषधाच्या मापाने नव्हे, नीट खुणा असलेल्या मोजनळीने मोजा. भिंत किंवा झाड यांपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. गच्चीच्या कठड्याला टेकवला की वाऱ्याच्या भोवऱ्याने पाऊस कमी भरतो. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला वाचा, म्हणजे जवळच्या केंद्राशी ताडता येईल. पाऊस नसेल त्या दिवशी ० लिहा. मोकळी सोडलेली जागा आणि शून्य यांत फरक आहे: शून्य म्हणजे पाऊस नव्हता, मोकळी जागा म्हणजे तुम्ही नव्हता. दोन दिवस बाहेरगावी गेलात तर जमलेलं पाणी ‘दोन दिवसांचं एकत्र’ असं लिहा, अर्धं-अर्धं वाटू नका. हिवरे बाजारसारख्या गावांत पावसाच्या मोजणीवरच दर वर्षी पाण्याचा ताळेबंद आणि पिकांची निवड ठरते.

हवेच्या संवेदकांपासून सुरुवात करू नका, एवढंच सांगेन. एसडीएस०११ सारखा स्वस्त लेझर संवेदक आणि छोटा वायफाय बोर्ड जोडून सूक्ष्म धूलिकण मोजता येतात. पण आर्द्रता ७० टक्क्यांपुढे गेली की तो धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो. कोकणात आणि मुंबईत वर्षाचे चार महिने आकडे फुगलेले येतात. संदर्भ केंद्राशेजारी ठेवून जुळवणी केल्याशिवाय त्या आकड्यांवर कोणाशी भांडू नये.

काय उघड करायचं नाही

खवल्या मांजर, चांदणी कासव, घुबडांची ढोली, सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या जागा, दुर्मीळ आमरी. यांचं नेमकं ठिकाण तस्कर आणि हौशी संग्राहक दोघेही शोधत असतात. आय-नॅचरलिस्टमध्ये ठिकाण ‘धूसर’ करायची सोय आहे. खूण मग सुमारे वीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेही पडते. धोक्यातल्या जातींचं आपोआप होतं, पण घरट्यांचं होत नाही, ते तुम्हीच करायचं. आणि धूसर करून तोच फोटो गावाच्या नावासह फेसबुकवर टाकलात तर काय उपयोग? पक्ष्याला बोलवायला ध्वनिफीत लावणं, घरट्यासमोरची पानं बाजूला करणं हे नोंदीच्या नावाखाली चालतं, ते करू नये.

वर्षभरात सोबत कधी मिळते

एकट्याने कंटाळा येत असेल तर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’, सप्टेंबरमध्ये फुलपाखरांचा महिना, आणि ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून तो राज्य सरकारने २०२० पासून सुरू केला. यांतल्या एखाद्या फेरीला जुन्या जाणत्यांबरोबर दोन तास फिरलात की सहा महिन्यांचं पुस्तकी वाचन होतं. फक्त त्या चार दिवसांपुरते नोंद करणारे होऊ नका. अशा गणनेतली लाट नंतरच्या आठवड्यांतल्या साध्या नोंदींशिवाय वाचता येत नाही. केरळने २०१५ ते २०२० या काळात राज्याचे चौकोन पाडून, ठरवून दिलेल्या चौकोनात ठरलेल्या वेळी स्वयंसेवक पाठवून पक्ष्यांचा नकाशासंग्रह केला. आपल्याला हवं तिथे न जाता सांगितलं तिथे जाणं, हे त्यातलं खरं अवघड काम होतं.

तुमची नोंद तुमच्या गल्लीत कशी वापराल

वर्षातून एकदा ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट या दोन्ही ठिकाणांहून आपली माहिती उतरवून घ्या, तक्त्याच्या रूपात मिळते. जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायत आणि महापालिकेत जैवविविधता समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अनेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेलेली आहे. तारखांसह तुमची यादी लेखी अर्जाने तिथे द्या आणि पोचपावती घ्या.

शहरात वृक्षतोडीच्या प्रस्तावाची नोटीस झाडावर लागते आणि हरकतीसाठी मुदत सहसा सात दिवसांची असते. ‘झाड तोडू नका’ असं भावनिक पत्र आणि ‘या झाडाच्या ९० आठवड्यांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये फळं असतात, त्यावर तांबट आणि कोकीळ येतात, अमुक तारखेला ढोलीत घरटं होतं’ असं पत्र, या दोन्हींना वृक्ष अधिकाऱ्याला वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं. दुवा पाठवू नका, तो कोणी उघडत नाही. तारीख, वेळ, जात, संख्या असा छापील तक्ता, झाडाचा घेर आणि नोटिशीवरचा क्रमांक पहिल्या पानावर लिहून, दोन प्रतींत द्या.